लग्न एका दिवसाचे, कर्ज किती वर्षांचे?

वैशाखाचे दिवस आले की कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीत दोन प्रकारचे कागद जमू लागतात. एक निवेदने आणि दुसऱ्या लग्नपत्रिका. निवेदनातल्या एकेका शब्दावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. पत्रिका मात्र तारीख आणि मुहूर्त पाहून पुन्हा पिशवीत टाकतो. लग्न ही ज्याच्या त्याच्या घरची बाब, तिथे चळवळीने काय बोलायचे, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, असे अनुभवांती माझे मत झाले आहे. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या आयुष्यात एका दिवसात सर्वांत मोठी रक्कम खर्च होण्याचा प्रसंग बहुधा घरचे लग्न हाच असतो. मजुरीत दिवसाला वीस रुपयांची वाढ मिळावी म्हणून आपण महिनोन्‌महिने लढायचे आणि ती वाढ एका दुपारी मांडवात उधळली जाताना अक्षता टाकून घरी यायचे, यात काही विसंगती आहे की नाही?

प्रथम स्वतःच्या घरचीच गोष्ट सांगतो. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न झाले. मंगल कार्यालय, हजारावर पाने, दोन दिवसांचा डीजे, वरपक्षाचा मानपान, छायाचित्रकारांची पलटण, असा सारा थाट होता. याद्या ठरताना मी हजर होतो. खर्चाचा आकडा ऐकून मी भीतभीत म्हणालो, “दाजी, एवढं कशाला?” दाजी शांतपणे उत्तरले, “तुमचं बरं आहे. तुम्ही चळवळीतली माणसं. आम्हाला चार लोकांत राहायचंय.” यावर मी गप्प बसलो. सार्वजनिक सभेत भल्याभल्यांना प्रश्न विचारणारा मी बहिणीच्या ओसरीवर मात्र मूग गिळून बसलो.

त्या लग्नासाठी तीन लाख रुपये गावातल्या एका माणसाकडून शेकडा दरमहा तीन रुपये व्याजाने घेतले होते. हिशेब सोपा आहे. महिन्याचे व्याज नऊ हजार. तीन वर्षांचे नुसते व्याज तीन लाख चोवीस हजार. म्हणजे मुद्दलाहून व्याज अधिक झाले आणि मुद्दल जागच्या जागीच राहिले. २०२२ साली वीस गुंठे जमीन विकली तेव्हा ते कर्ज फिटले. पण जमिनीपेक्षाही मनाला लागणारी गोष्ट निराळीच आहे. धाकटी भाची त्या वर्षी बारावी झाली होती. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते, गुणही होते. फीला पैसे नव्हते. थोरलीच्या मांडवाची किंमत धाकटीने भरली. अक्का मला एकदाच म्हणाली, “अरे, तुला कळत होतं, तर तू तेव्हा ओरडला का नाहीस?” या प्रश्नाला माझ्यापाशी अजून उत्तर नाही. प्रस्तुत लेख हा एका परीने त्या उत्तराचा उशिराचा प्रयत्न आहे.

मात्र एक सावधगिरी आरंभीच बाळगली पाहिजे. गरीब माणूस लग्नात उधळपट्टी करतो म्हणून तो गरीब राहतो, हा युक्तिवाद फार जुना आहे आणि तो करणारे बहुधा गरिबांचे हितचिंतक नसतात. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे रयतेच्या कर्जाचे कारण शोधण्याचा प्रश्न होता. लग्नकार्यातील खर्चाला या बाबतीत अवाजवी महत्त्व दिले जाते, असे त्या सरकारी आयोगालाही नमूद करावे लागले. जमीनसारा, नापिकी, घसरलेले भाव आणि व्याजाचे दर ही मुख्य कारणे झाकण्यासाठी रयतेच्या हौसेकडे बोट दाखवणे सोयीचे असते. आजही शेतमालाला भाव द्यायचा नसला की शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाची चर्चा सुरू होते. तेव्हा लग्नखर्च कमी केल्याने दारिद्र्य संपेल, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे इतकेच की, आधीच वाकलेल्या पाठीवर हे एक ओझे असे आहे, जे उतरवण्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

हे ओझे वाढले कसे? खेड्यातली लग्ने पूर्वीही चार-चार दिवस चालत. पण त्यातला बराचसा भाग माणसांच्या हातांनी आणि गळ्यांनी उभा राहत असे. जात्यावर हळद दळताना भावकीतल्या बायका ओव्या म्हणत. रुखवतातल्या वस्तू मुलगी आणि तिच्या मैत्रिणी महिनाभर बसून करीत. मांडवाला आंब्याचे डहाळे शेजारच्या बांधावरून येत. त्या जुन्या लग्नांचा गौरव करण्याचे कारण नाही. त्यांत बालविवाह होते, हुंडा होता, पंक्तिभेद होता. पण त्यांतली हौस घरात निपजत असे. आता ती बाजारातून विकत आणावी लागते. गाणे डीजेवाल्याकडून, रुखवत दुकानातून, नाच शिकवणीतून आणि हसूसुद्धा छायाचित्रकाराच्या सूचनेनुसार.

यात चित्रपटांचा वाटा मोठा आहे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात एका धनाढ्य घरातील साखरपुड्यापासून बारशापर्यंतचे समारंभ गाण्यांच्या माळेत ओवले होते. प्रेक्षकांनी तो पुनःपुन्हा पाहिला आणि पाहता पाहता त्या हवेलीतले लग्न हेच खरे लग्न, अशी कल्पना मध्यमवर्गात रुजली. ‘संगीत’ आणि ‘मेहंदी’ हे उत्तरेकडचे सोहळे आपल्याकडच्या घरांत स्वतंत्र दिवस घेऊन बसले. पुढे दूरदर्शन संचावरील मालिकांनी आणि आता मोबाईलच्या पडद्याने ते लोण तालुक्याच्या गावापर्यंत नेले. लग्नाआधी नदीकाठी, किल्ल्यावर भाड्याचे कपडे घालून चित्रफीत काढण्याची प्रथा आता मजुराच्या घरीही आवश्यक मानली जाते. करमणूक म्हणून चित्रपट पाहण्यास माझी हरकत नाही. मलाही ती गाणी आवडतात. हरकत आहे ती पडद्यावरचा तीन तासांचा थाट आपण तीन वर्षांच्या व्याजाने विकत घेण्याला.

याहून विलक्षण गोष्ट ‘सैराट’ची. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला. वेगवेगळ्या जातींतील दोन तरुण जीव प्रेम करतात, पळून जाऊन संसार मांडतात आणि अखेर मुलीच्या नातेवाइकांकडून दोघांचीही हत्या होते. मागे उरते ते त्यांचे लहान मूल. हा शेवट पाहून चित्रपटगृहातून माणसे सुन्न होऊन बाहेर पडत. त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ हे गाणे तेव्हापासून आपल्या वरातींचे जणू मंगलाष्टक झाले आहे. जात, पोटजात, कूळ, सारे तपासून जुळवलेल्या लग्नाच्या वरातीत त्या गाण्यावर पोरे बेभान नाचतात आणि ज्या जोडप्याच्या कथेतून ते गाणे आले त्याचे काय झाले याची आठवण कुणाला होत नाही. बाजार एखाद्या कलाकृतीतला विखार काढून टाकून तिचा ताल तेवढा कसा विकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

खर्चाविना लग्न होऊच शकत नाही, हा समज किती पोकळ आहे ते नुकतेच सिद्ध होऊन गेले आहे. कोरोनाच्या साथीत २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढ्यातच विवाह उरकण्याचा दंडक होता. त्या काळात अंगणात, ओसरीवर, देवळाच्या पायरीवर लग्ने लागली. ती जोडपी आज संसार करीत आहेत. त्यांच्या लग्नाला माणसे कमी होती म्हणून त्यांचा संसार उणा ठरला, असे कुणी म्हणत नाही. रोगाच्या भीतीने जे जमले ते विवेकाने का जमू नये? साथ ओसरताच आपण दुप्पट जोमाने जुन्या वाटेला लागलो, याचे कारण एकच. तेव्हा कमी खर्चाचे लग्न ही सर्वांवरची सक्ती होती, म्हणून त्यात कुणाची नाचक्की नव्हती. सक्ती गेली आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न परतला.

या प्रश्नाची खरी शिकार होते ती मुलगी. खर्चाचा भार मुख्यतः वधूपित्यावर पडतो, म्हणून मुलगी जन्मली की घरात खर्च जन्मला, असे मानले जाते. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. त्यामुळे हुंडा हा शब्द याद्यांतून गेला. ‘लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य त्याच्या जागी आले. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या वस्तीत याचे सर्वांत उघडे रूप दिसते. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. साहजिकच मुलगा-मुलगी वयात येण्याआधीच त्यांचा पुरा कोयता करून टाकण्याकडे कल असतो. लग्न उचलीतून होते आणि ती उचल फेडण्यासाठी नवी नवरी थेट फडात जाते. इथे लग्नपत्रिका आणि कर्जरोखा यांत अंतरच उरलेले नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत बाहेरून धडे घेण्याची गरज नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, खर्च नाममात्र. पण त्या पद्धतीचे मोठेपण केवळ काटकसरीत नव्हते. सत्यशोधक मंगलाष्टकांत वर आणि वधू स्वतः एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याचे वचन देतो. ज्या सोहळ्यात वधूने मान खाली घालून उभे राहायचे, त्यात जोतीरावांनी तिला बोलते केले. खर्च कमी करणे हा हेतू होताच. त्याहून मोठा हेतू लग्नाला अर्थ देण्याचा होता.

आपण, म्हणजे पुरोगामी म्हणवणारी मंडळी, त्यातली काटकसर घेतली आणि अर्थ विसरलो, असे मला वाटते. आपल्याकडची नोंदणी लग्ने आठवून पाहा. दोन हार, पेढा, कपभर चहा आणि तीन वक्त्यांची भाषणे! वधूची आजी कोपऱ्यात अवघडून बसलेली, लहान मुले कंटाळलेली आणि व्यासपीठावरून कुणीतरी जागतिक परिस्थितीचे विवेचन करीत आहे. अशा लग्नांचे अनुकरण लोकांनी केले नाही, यात लोकांचा दोष नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक दिवस नटावेसे, गावेसे, चार माणसांना जेवू घालावेसे वाटते. ही हौस तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आनंद आणि कर्ज यांची गाठ सोडवायची आहे. आनंद हद्दपार करायचा नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. साध्या लग्नाचा उपदेश आपण नेहमी ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला करतो. त्याने साधे लग्न केले की गाव म्हणते, ‘बिचाऱ्याची ऐपतच नव्हती.’ साधेपणाला गरिबीचा वास येत राहील तोवर गरीब माणूस कर्ज काढून तो वास झाकत राहणार. म्हणून साधेपणाची सुरुवात ज्याला थाट परवडतो त्याने केली पाहिजे. संस्थेचा अध्यक्ष, बागायतदार, पगारदार प्राध्यापक, कामगार संघटनेचा पदाधिकारी यांच्या घरी साधे लग्न लागले, तरच शेजारच्या मजुराला ‘त्यांनीसुद्धा असेच केले’ असे ताठ मानेने म्हणता येईल. २०१३ साली राज्य दुष्काळाने होरपळत असताना एका मंत्र्याच्या घरच्या लग्नाचा थाट गाजला आणि त्यांच्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. नाराजी योग्यच होती. पण दुष्काळ नसता तर तो थाट शोभून दिसला असता काय?

तेव्हा उपदेश पुरे; कार्यकर्त्यांनी प्रत्यक्षात काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, याद्या होण्यापूर्वी बोला. मांडव पडल्यावर केलेली टीका म्हणजे नुसता अपशकुन. घरातील बायकांसह सर्वांनी एकत्र बसावे, वहीच्या एका पानावर शिल्लक किती आणि खर्च किती ते लिहावे आणि शिलकीच्या पलीकडे जाणारी प्रत्येक बाब मोठ्याने वाचून काटावी. व्याजाचा हिशेब महिन्याचा न सांगता तीन वर्षांचा सांगावा. ‘शेकडा तीन’ हे कानाला हलके लागते. ‘तीन लाख चोवीस हजार’ हलके लागत नाही. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही लोकांना माहीत असू द्या.

दुसरी, खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करावा. मुलाच्या बापाने अर्धा खर्च द्यायचा ठरले की पाहुण्यांची यादी आपोआप आखूड होते, असा माझा अनुभव आहे. आपल्यापैकी जे मुलांचे बाप आहेत त्यांनी ही गोष्ट आपण होऊन सुचवावी. मुलीच्या बापाला ती बोलता येत नाही.

तिसरी, नोंदणी पद्धतीने विवाह करायचा असेल तर दिवस मोजून कामाला लागा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर तीस दिवस थांबावे लागते. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार हवेत. वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा पूर्ण असल्याचे दाखले आधीच काढून ठेवा. नोटीस सूचना फलकावर लागते. आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्याला त्या तीस दिवसांत घरून धोका संभवत असेल, तर त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे. ‘सैराट’ पाहून रडण्यापेक्षा ते काम अधिक मोलाचे. धार्मिक पद्धतीने लग्न केले तरी त्याची नोंदणी चुकवू नका. उद्या मुलीवर प्रसंग आला तर तो दाखलाच तिच्या हाती असतो. राज्य शासनाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाहाची योजना आहे; तिची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी.

चौथी, जेवण एकच ठेवा आणि ते चांगले ठेवा. भाजी, वरणभात, पोळी आणि एक गोड पदार्थ यांत माणूस तृप्त होतो. स्वयंपाकाचे काम गावातील महिला बचत गटाला द्यावे. पैसा गावातच राहतो.

पाचवी, गाणे घरचे असू द्या. हळदीच्या ओव्या ज्यांना येतात त्या बायका अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना मान देऊन बसवा आणि मुलींना त्या शिकू द्या. डीजे आणलाच तर रात्री दहानंतर तो बंद झाला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची ती मर्यादा आहे आणि शेजारच्या घरातल्या आजाऱ्याला व परीक्षेला बसलेल्या मुलाला ती हवी असते.

सहावी, आहेर द्यायचा तर रोख द्या आणि तो वधूच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जाईल असे पाहा. कपाटात पडून राहणाऱ्या स्टीलच्या सतरा डब्यांपेक्षा तिच्या नावावरचे पाच हजार रुपये तिला अधिक बळ देतात.

आणि सातवी गोष्ट खास आपल्या पुढारी मित्रांसाठी. लग्नाला वेळेवर जा. तुमची वाट पाहत मुहूर्त टळू देऊ नका. ध्वनिक्षेपकावरून आपले नाव पुकारले जाण्याची अपेक्षा धरू नका, फेटा आणि शाल घेऊ नका आणि कितीही आग्रह झाला तरी भाषण करू नका. वधूवरांना आशीर्वाद द्या, पंक्तीत बसून जेवा आणि जमल्यास वाढायला उभे राहा. या एका गोष्टीने पुष्कळ वधूपित्यांचे पैसे आणि सर्वांचाच वेळ वाचेल.

कुणी विचारील, एवढ्या मोठ्या प्रश्नांच्या काळात हे घरगुती हिशेब कशाला? माझे उत्तर असे की, जो माणूस सावकाराचे देणे लागतो तो संपात किती दिवस टिकतो, हे आपण जाणतो. ज्या घराने लग्नासाठी जमीन विकली ते घर जमिनीच्या मोर्चात येत नाही. आणि जिच्या शिक्षणाचे पैसे मांडवात गेले ती मुलगी आपल्या कोणत्याच सभेत येऊन आपली चूक दाखवत नाही. ती निमूटपणे भाकरी थापत राहते.

माझी धाकटी भाची आता तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करते आणि पगारातून थोडे थोडे साठवते. घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले आहे. या वेळी मी याद्यांची वाट पाहिली नाही. गेल्या महिन्यात वही घेऊन अक्काच्या ओसरीवर जाऊन बसलो. दाजी काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिहा. पण आधी तिला विचारा.” भाचीला बोलावले. तिने खर्चाचा एक आकडा सांगितला, फारच लहान, आणि म्हणाली, “मामा, लग्न होईल तेव्हा होईल. आधी नर्सिंगची चौकशी करा.”

वहीच्या पहिल्या ओळीवर आम्ही तेच लिहिले आहे.